भविष्यकाळाची पहिली फेरी

व्हिडिओ गेमच्या इतिहासात भविष्यकाळातील शर्यतींचा प्रवाह अरुंद असला तरी चांगलाच वेगवान आहे. चाके नसलेली आणि जमिनीपासून जरा वर तरंगत धावणारी याने, अधांतरी वळणे घेणारे ट्रॅक आणि कोणत्याही खऱ्या मोटारीला न झेपणारा वेग, एवढ्या सामग्रीवर १९९० च्या दशकात जपान आणि ब्रिटन या दोन देशांत असे काही गेम तयार झाले की घरातल्या टीव्हीवर वेग कसा दिसावा आणि हाताला कसा जाणवावा, याविषयीची समजूतच त्यांनी बदलून टाकली. त्यांतला ‘वाइपआउट’ हा गेम इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात घडला आणि २९ सप्टेंबर १९९५ रोजी सोनी कंपनीचे प्लेस्टेशन हे यंत्र युरोपात विक्रीस आले, त्याच वेळी बाजारात उतरला. नव्या यंत्राची ताकद अजमावण्यासाठी असंख्य घरांत पहिल्यांदा लावला गेलेला गेम तोच होता, त्यामुळे त्याची पहिली छाप आणि त्या यंत्राची पहिली छाप एकच होऊन गेली. ही छाप योगायोगाने पडली नव्हती. यंत्राच्या मर्यादा, एका पडत्या काळातील बंदराच्या शहरात वाढलेली कारागिरी आणि त्या काळच्या इंग्लंडमधील नृत्यसंगीत यांच्या मेळातून ती घडवण्यात आली होती, आणि म्हणूनच २०५२ सालची म्हणून दाखवलेली ही शर्यत १९९५ च्या उत्तर इंग्लंडचा विश्वासार्ह दस्तऐवज ठरते.

या प्रवाहाचा उगम मात्र जपानमध्ये शोधावा लागतो. नोव्हेंबर १९९० मध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर फॅमिकॉम’ हे नवे यंत्र जपानमध्ये आणले आणि त्याच्यासोबत ‘एफ-झीरो’ हा शर्यतीचा गेम दिला. या यंत्राच्या चित्रे रेखणाऱ्या चिपमध्ये ‘मोड ७’ नावाची एक सोय होती. तिच्या आधारे एखादे सपाट चित्र हवे तसे फिरवता आणि लहानमोठे करता येई. टीव्हीचा पडदा आडव्या रेषांनी बनलेला असतो आणि यंत्र त्या वरून खाली एकेक करून रेखत जाते, तेव्हा प्रत्येक रेषेपाशी चित्राचे प्रमाण किंचित बदलले, वरच्या रेषांना ते आक्रसवले आणि खालच्या रेषांना फुगवले, तर मूळचे सपाट चित्र क्षितिजापर्यंत पसरलेल्या जमिनीसारखे दिसू लागते. ‘एफ-झीरो’चे सगळे ट्रॅक अशा सपाट नकाशांवर काढलेले होते. खेळणाऱ्याचे यान पडद्यावर जवळजवळ जागच्या जागी राही आणि त्याच्याखालून जमीन वळत, सरकत जाई.

या युक्तीची एक अडचण होती. जमीन कितीही झपाट्याने फिरली तरी तिला चढ-उतार देता येत नसे. खऱ्या मोटारीची शर्यत अशा जमिनीवर दाखवली असती, तर रस्त्याची सलग सपाटी पहिल्या वळणातच खटकली असती, परंतु सन २५६० मधील, जमिनीला न टेकणाऱ्या यानांची शर्यत असे म्हटल्यावर तीच सपाटी त्या जगाचा नियम होऊन बसली. ‘म्यूट सिटी’ आणि ‘बिग ब्लू’ या ट्रॅकांच्या कडेला लुकलुकणारे कठडे, त्यांना घासले की कमी होत जाणारी यानाची शक्ती आणि ती भरून देणारा ट्रॅकवरचा ठरावीक पट्टा, या साऱ्याचे गणित इतके चोख बसले होते की पहिल्यांदा खेळणाऱ्याला यंत्राची उणीव जाणवतच नसे. तंत्राच्या मर्यादेला कथेचे कारण पुरवण्याची ही रीत या प्रवाहाला पुढेही उपयोगी पडली. ‘एफ-झीरो’ एकट्याने खेळायचा गेम होता. दोघांना एकत्र खेळता येईल असा शर्यतीचा गेम करण्याच्या प्रयत्नातून निन्टेन्डोने १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ कार्ट’ काढला आणि त्या गेमचा धागा पुढे थेट लिव्हरपूलपर्यंत पोहोचला.

लिव्हरपूलचे नाव मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासात अनोळखी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईहून निघालेल्या कापसाच्या गाठी याच बंदरात उतरत आणि त्या तेजीवर मुंबईतील अनेक पेढ्यांचे भाग्य फळफळले व पुढे कोसळलेही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हे बंदर उतरणीला लागले. मालवाहतूक मोठ्या पोलादी कंटेनरांतून होऊ लागली, ब्रिटनचा व्यापार युरोपाकडे वळला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या या शहरातील गोद्यांचे काम आटत गेले. १९३१ मध्ये साडेआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९८१ पर्यंत पाच लाखांच्या आसपास आली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये टॉक्सटेथ भागात मोठी दंगल उसळली. नेमक्या याच काळात ब्रिटनमध्ये स्वस्त घरगुती संगणक आले. १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आला आणि ज्यांच्यापुढे नोकरीची वाट दिसत नव्हती अशा तरुणांनी घरच्या घरी गेम लिहून ते कॅसेटवर विकायला सुरुवात केली. बग-बाइट आणि इमॅजिन सॉफ्टवेअर या लिव्हरपूलच्या कंपन्या या लाटेतल्या अग्रणी होत्या.

इमॅजिनचा उदय जितका झगमगीत, तितकाच तिचा अंत झटपट झाला. ‘मेगागेम’ म्हणून गाजावाजा केलेले महागडे प्रकल्प पुरे होण्यापूर्वीच १९८४ मध्ये ती बुडाली आणि त्या वेळी तेथे बीबीसीचे छायाचित्रण चालू असल्यामुळे एका कंपनीचे दिवाळे कॅमेऱ्यात टिपले गेले. त्या पडझडीतून बाहेर पडलेल्या इयन हेदरिंग्टन यांनी जोनाथन एलिस यांच्यासह सिग्नोसिस ही कंपनी उभारली. तिचा पहिला गेम ‘ब्रॅटॅकस’ हा इमॅजिनच्या अपुऱ्या राहिलेल्या एका मेगागेममधूनच आकाराला आला होता.

सिग्नोसिसची खरी ओळख मात्र तिच्या खोक्यांनी घडवली. ‘येस’ या रॉक वाद्यवृंदाच्या तबकड्यांची वेष्टने रंगवून प्रसिद्ध झालेले चित्रकार रॉजर डीन यांनी कंपनीचे घुबडाचे चिन्ह काढले आणि काळ्या खोक्यांवर त्यांनी रंगवलेली अद्‌भुत चित्रे दुकानात लांबूनही ओळखू येत. १९८९ च्या ‘शॅडो ऑफ द बीस्ट’ या गेममध्ये तोच बाणा पडद्यावर आला. त्यात जवळचे गवत, मागची झाडे, त्यामागचे डोंगर आणि ढग असे पार्श्वभूमीचे अनेक थर वेगवेगळ्या गतीने सरकत आणि अमिगा संगणकाचे विक्रेते गिऱ्हाइकाला यंत्राची करामत दाखवण्यासाठी तो लावून ठेवीत. सिग्नोसिसचे गेम दिसायला देखणे पण खेळायला कोरडे, अशी तक्रारही तेव्हापासून होत असे आणि ती पुष्कळ अंशी खरी होती. १९९१ मध्ये तिने प्रकाशित केलेला ‘लेमिंग्ज’ याला सणसणीत अपवाद ठरला, पण तो स्कॉटलंडमधील डंडी येथील डीएमए डिझाइन या संस्थेने घडवला होता. पहिल्या दर्शनात गिऱ्हाइकाला जिंकण्याची कला सिग्नोसिसला अवगत होती, पण ते दर्शन खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत नेणे तिला अजून साधायचे होते.

१९९३ मध्ये सोनीने सिग्नोसिस विकत घेतली आणि ही संधी चालून आली. सोनीकडे यंत्र तयार होत होते, पण गेम घडवणाऱ्यांची अनुभवी फळी युरोपात तिच्याजवळ नव्हती. प्लेस्टेशनसाठी गेम लिहिण्याची साध्या पीसीवर चालणारी ‘साय-क्यू’ ही साधनसामग्री एसएन सिस्टिम्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने तयार केली आणि सिग्नोसिसच्या मार्फत ती सोनीपुढे आली. महागड्या कार्यस्थानकांची अट त्यामुळे दूर झाली आणि लहान संस्थांनाही या यंत्रावर काम करता येऊ लागले. गेमच्या इतिहासात या साधनाचा उल्लेख क्वचितच होतो, पण प्लेस्टेशनवर पुढे जी विविधता आली तिच्या मुळाशी त्याचा मोठा वाटा आहे.

‘वाइपआउट’ची कल्पना सिग्नोसिसमधील निक बरकोम आणि जिम बॉवर्स या दोघांच्या गप्पांतून निघाली आणि मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेडमधील एका पबमध्ये ती पक्की झाली. बरकोम ‘सुपर मारिओ कार्ट’ खेळत असताना गेमचा आवाज बंद करून स्वतःच्या आवडीचे इलेक्ट्रॉनिक संगीत लावत असत आणि संगीताच्या ठेक्याशी वळणे जुळली की खेळाला वेगळीच धार येते, असे त्यांच्या ध्यानात आले होते. बॉवर्स यांनी तरंगत्या यानांच्या शर्यतीची एक छोटी चित्रफीत संगणकावर तयार केली आणि कंपनीतल्या ज्यांनी ती पाहिली त्यांना गेम कसा दिसायला हवा हे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. तिची ख्याती बाहेरही पोहोचली. इयन सॉफ्टली यांच्या १९९५ मधील ‘हॅकर्स’ या चित्रपटात नायक-नायिका ज्या शर्यतीच्या गेममध्ये एकमेकांना आव्हान देतात, त्याची दृश्ये सिग्नोसिसमध्येच तयार झाली. प्रत्यक्ष गेमपेक्षा ती कितीतरी सफाईदार होती, कारण ती आधी रेखून ठेवलेली होती.

प्रत्यक्ष गेमला सगळे चित्र क्षणोक्षणी नव्याने रेखावे लागे, आणि तेही जेमतेम दोन मेगाबाइट मुख्य स्मृती असलेल्या यंत्रावर. प्लेस्टेशन त्रिमितीचे जग लहान लहान त्रिकोण-चौकोनांनी उभारते, त्यांना पॉलिगॉन म्हणतात, आणि प्रत्येक पॉलिगॉनवर ‘टेक्श्चर’ म्हणजे पृष्ठभागाचे चित्र ताणून बसवते. हे ताणणे करताना अंतरानुसार होणारा बदल ते यंत्र हिशेबात घेत नसे, त्यामुळे जवळच्या भिंतींवरील रेषा वाकड्या होत आणि यान पुढे जाताना ट्रॅक किंचित थरथरल्यासारखा दिसे. दूरचे भाग वेळेत रेखून होत नसल्याने ते एकाएकी प्रकट होत. आजच्या नजरेला हे दोष आहेत, परंतु १९९५ मध्ये पहिली फेरी मारणाऱ्याला त्या थरथरीतून वेग जाणवे आणि अचानक समोर आलेल्या वळणातून त्या वेगाची भीती. या दोषांचा वेगाच्या अनुभवात इतका सहज उपयोग झाला, ही त्या गेमच्या कर्त्यांची जाण म्हटली पाहिजे, कारण त्याच यंत्रावरच्या इतर अनेक गेममध्ये तेच दोष नुसते दोष म्हणून राहिले.

पहिल्या फेरीत नेमके काय घडे, ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. शर्यत बहुधा ‘अल्टिमा ७’ या कॅनडातील ट्रॅकवर सुरू होई. खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली वेगाचे एक बटण असे आणि नेहमीच्या अर्थाने ब्रेक मात्र नसे. त्याऐवजी कंट्रोलरच्या डाव्या-उजव्या खांद्यांवरच्या बटणांना यानाच्या दोन बाजूंचे एअरब्रेक, म्हणजे हवेचा विरोध वाढवून ती बाजू मागे ओढणारी झडप, जोडलेले असत. अरुंद वळणावर नुसता दिशेचा बाण दाबून भागत नसे, कारण यान नाक वळवूनही आधीच्याच दिशेने घरंगळत राही आणि खऱ्या मोटारीच्या टायरांची पकड येथे नव्हतीच. वळणाच्या अगोदर आतल्या बाजूचा एअरब्रेक दाबून धरायचा, नाक आत वळले की सोडायचा आणि लगेच उलट बाजूला हलका दाब देऊन यान सरळ करायचे, अशी ती रीत होती. चढ उतरताना नाक वर उचलून धरले नाही तर यानाचे पोट जमिनीवर आपटे. हे सारे पहिल्या फेरीत कोणालाच जमत नसे. भिंतीला धक्का लागला की यान जवळजवळ थांबे आणि मागून येणारी सर्व याने पुढे निघून जात. युरोपीय संघाचे प्रतिनिधित्व करणारे ‘फेझर’ हे यान हाताळायला सोपे आणि रशियन ‘किरेक्स’ वेगवान पण जड, हे कळायलाही दोन-चार पराभव घ्यावे लागत. पीसीवरच्या ‘रोड रॅश’मध्ये धडकून पडले तरी उठून पुन्हा मोटारसायकल पळवता येते, हे ज्या मराठी मुलांच्या हाताला सवयीचे झाले होते, त्यांना ‘वाइपआउट’ची ही शिस्त फार कठोर वाटली असती.

एवढ्या कठोर गेमकडे लोक पुन्हा पुन्हा वळले, यामागे चित्र आणि संगीत यांची ओढ होती. शेफील्ड शहरात इयन अँडरसन यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ या आलेखनसंस्थेकडे सिग्नोसिसने गेमच्या नावाचे आरेखन, संघांची बोधचिन्हे आणि वेष्टन सोपवले. या संस्थेची ओळख टेक्नो संगीताच्या तबकड्यांच्या वेष्टनांमुळे होती. जपानी लिपी, कारखान्यातील सूचनाफलक, मोठ्या कंपन्यांची चिन्हे आणि जाहिरातींची आक्रमक भाषा यांची तोडमोड करून ती स्वतःची शैली घडवत असे. तिने प्रत्येक संघाला खऱ्या उद्योगसमूहासारखे चिन्ह दिले आणि ट्रॅकच्या कडेला त्याचे फलक लावले, त्यामुळे या शर्यतीमागे एक अर्थव्यवस्था, प्रायोजक आणि राजकारणही आहे, असे खेळणाऱ्याला एकही वाक्य न वाचता वाटे. रॉजर डीन यांच्या अद्‌भुत प्राण्यांपासून या कोरड्या, भौमितिक चिन्हांपर्यंतचा प्रवास म्हणजे सिग्नोसिसच्या सौंदर्यदृष्टीतील सर्वांत मोठे वळण होय.

संगीताच्या बाबतीत यंत्राची नवी सोय निर्णायक ठरली. आधीच्या बहुतेक यंत्रांचे गेम चिप बसवलेल्या काडतुसांवर येत आणि त्यांत ध्वनीला फारच थोडी जागा उरे. प्लेस्टेशनचे गेम सीडीवर आले आणि तिच्यावर ध्वनिमुद्रित गाणी जशीच्या तशी भरता येऊ लागली. ‘वाइपआउट’चे बहुतेक संगीत ‘कोल्ड स्टोरेज’ या नावाने रचना करणारे टिम राइट यांनी केले आणि युरोपीय आवृत्तीत लेफ्टफील्ड, ऑर्बिटल आणि द केमिकल ब्रदर्स या त्या काळी क्लबांत गाजणाऱ्या कलावंतांच्या रचना जोडण्यात आल्या. ब्रिटनमध्ये १९८८ पासून रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांची जी लाट आली होती, ती या सुमारास मोठ्या क्लबांत स्थिरावली होती, आणि शनिवारी रात्री नाचून पहाटे घरी परतलेल्या विशी-पंचविशीतल्या तरुणांच्या दिवाणखान्यात आपले यंत्र पोहोचावे, असे सोनीच्या ब्रिटनमधील विक्रीविभागाला वाटत होते. क्लबांत प्लेस्टेशन मांडण्यात आले. गेमच्या जाहिरातीत नाकातून रक्त ओघळणाऱ्या दोन तरुण चेहऱ्यांचे छायाचित्र वापरले गेले, त्यातून अमली पदार्थांचे सूचन होते असा आरोप झाला आणि गदारोळ उठला. व्हिडिओ गेम हे लहान मुलांचे खेळणे आहे ही समजूत मोडण्याची घाई त्या जाहिरातीत दिसते, आणि त्या घाईने औचित्याची मर्यादा ओलांडली हेही मान्य केले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘वाइपआउट २०९७’ आला आणि कर्त्यांनी पहिल्या फेरीचा कडवटपणा ओळखून एक महत्त्वाची दुरुस्ती केली. भिंतीला लागलेले यान आता थांबेनासे झाले. ते घासटून पुढे सरके, वेग थोडा घटे आणि संरक्षक कवच झिजे. या एका बदलाने गेमचा स्वभाव पालटला, कारण चुकीची शिक्षा एकदम न मिळता हप्त्याहप्त्याने मिळू लागली आणि नवख्यालाही ठेका सापडेपर्यंत ट्रॅकवर टिकता येऊ लागले. प्रॉडिजी, अंडरवर्ल्ड आणि द फ्यूचर साउंड ऑफ लंडन यांच्या संगीतामुळे हा दुसरा भाग अधिक भारदस्त झाला आणि या मालिकेतला सर्वोत्तम गेम म्हणून अनेक जाणकार आजही त्याचेच नाव घेतात. हा निवाडा रास्त आहे.

नंतरच्या भागांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००५ मध्ये खिशात मावणाऱ्या पीएसपी यंत्राबरोबर ‘वाइपआउट प्युअर’ आला. २००८ च्या ‘वाइपआउट एचडी’ला पडद्यावरच्या लखलखाटामुळे अपस्मार असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो का, या चाचणीत प्रथम अपयश आले आणि दृश्यांत बदल करून त्याला उशिरा प्रकाशित व्हावे लागले. तीव्र गती सेकंदाला साठ चित्रांवर कायम राखण्यासाठी गर्दीच्या क्षणी चित्राची आडवी बारकाई आपोआप थोडी कमी करण्याची योजना त्यात होती, म्हणजे चित्राच्या सुबकतेहून हाताला मिळणारा प्रतिसाद मोलाचा, हे तत्त्व तेराव्या वर्षीही सुटले नव्हते. ऑगस्ट २०१२ मध्ये सोनीने हा स्टुडिओ बंद केला. तोवर त्याचे नाव ‘स्टुडिओ लिव्हरपूल’ झाले होते. निन्टेन्डोच्या बाजूला १९९८ चा ‘एफ-झीरो एक्स’ एकाच वेळी तीस याने पळवून गेला आणि सेगाच्या अम्युझमेंट व्हिजनने घडवलेल्या २००३ च्या ‘एफ-झीरो जीएक्स’नंतर ती मालिका दीर्घकाळ मंदावली. २०२३ मध्ये ‘एफ-झीरो ९९’ने पुन्हा १९९० च्याच सपाट ट्रॅकांवर नव्व्याण्णव खेळाडूंना एकत्र आणले, यातून त्या मूळ गणिताचा टिकाऊपणा दिसतो.

‘वाइपआउट’च्या वाट्यालाही २०२२ मध्ये एक अनपेक्षित पुनर्भेट आली. पहिल्या गेमच्या पीसी आवृत्तीचा मूळ संगणकीय मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो बाहेर फुटला आणि पुढल्या वर्षी जर्मन प्रोग्रामर डॉमिनिक शाब्लेव्स्की यांनी तो बराचसा नव्याने लिहून आजच्या यंत्रांवर, अगदी वेब ब्राउझरमध्येही, चालेल असा केला. त्या नव्या रूपात चित्र अधिक बारीक दिसते आणि सेकंदाला रेखल्या जाणाऱ्या चित्रांची संख्याही जुन्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक असते. मूळ गेममध्ये मात्र ही संख्या कमी असल्यामुळे दोन चित्रांच्या मधल्या काळात यान ट्रॅकवर बरेच पुढे सरकलेले असे आणि ती तूट खेळणाऱ्याला अंदाजाने भरून काढावी लागे. या दोन रूपांची तुलना करणाऱ्याने अल्टिमाचे तेच वळण आधी जुन्या आणि मग नव्या गतीने घेऊन पाहावे, म्हणजे १९९५ मधील खेळाडू भिंतीवर का आदळत असे आणि त्यातला किती भाग त्याच्या हाताचा व किती यंत्राचा होता, हे ठरवता येते.